मोबाईल घरी दुरुस्त करायला शिकताना: आधी मोजा, मग उघडा

शिकायची सुरुवात स्वतःच्या चालू फोनवर करू नका. घरात शोधलं तर आईचा जुना रेडमी किंवा काकांचा बंद पडलेला सॅमसंग कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये सापडतोच. तोच घ्या. असे दोन मिळाले तर फारच छान: एक क्लिपांवर बसलेल्या प्लॅस्टिकच्या बॅक पॅनलचा, दुसरा गोंदाने चिकटवलेल्या पाठीचा. पहिला पूर्ण सुटा करा आणि पुन्हा जोडा. एकही स्क्रू न उरता, एकही पट्टा (आतली चपटी, लवचिक वायर) न दुमडता जोडता येईपर्यंत हेच करत राहा. कंटाळवाणं काम आहे, पण कनेक्टर किती जोराने दाबायचा हे बोटांना कळायला दुसरा मार्ग नाही. व्हिडिओ पाहून ते कळत नाही.

शिकण्यासाठी जुना फोन विकत घेत असाल तर आधी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, तपासा. फोन चालू होत असेल तर *#०६# डायल करा, बंद असेल तर सिम ट्रेवर, पाठीवर किंवा खोक्यावर तो छापलेला असतो. इंग्रजी अक्षरांत केवायएम, एक जागा सोडून १५ अंकी आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवला की फोन ब्लॉक केलेला आहे का ते समजतं. सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही हीच सोय आहे. चोरीचा फोन शिकण्यासाठी घेतला तरी तो चोरीचाच.

घरी काय जमतं ते आधी ठरवून टाकू. बॅटरी, चार्जिंगचा बोर्ड, स्पीकर, ऑन-ऑफ पट्टा, बॅक पॅनल, कॅमेऱ्यावरची काच आणि फ्रेमसकट डिस्प्ले, एवढं टेबलावर होतं. नुसती वरची काच बदलणं घरी होत नाही. फुटलेली काच वेगळी करायला तार आणि गरम प्लेट, नवी चिकटवायला पारदर्शक गोंदाची शीट, व्हॅक्यूम लॅमिनेटर आणि बुडबुडे घालवायचं यंत्र लागतं. एवढं जमवण्यापेक्षा अख्खा डिस्प्ले स्वस्त पडतो. मदरबोर्डवरची आयसी (चिप) बदलणं ही पुढची पायरी आहे, तिची घाई नको.

टेबलावर काय हवं

शंभर-सव्वाशे टोकांचा पेचकसाचा डबा घेऊ नका. अँड्रॉइड फोनमध्ये जवळजवळ सगळीकडे १.५ मिलिमीटरचं प्लस टोक चालतं. आयफोनला तळाशी ०.८ चं पाच पाकळ्यांचं पेंटालोब आणि आत ०.६ चं तीन पायांचं वाय टोक लागतं. टोक एस-२ स्टीलचं असू दे. मऊ लोखंडाचं टोक स्क्रूचं डोकं गोल करतं, आणि एकदा डोकं गेलं की तो स्क्रू काढण्यात अख्खी दुपार जाते.

बाकी सामान असं: प्लॅस्टिकच्या पातळ तिकोनी चकत्या सहा, प्लॅस्टिकचा चपटा स्पजर (उचकटायची पट्टी) एक, सक्शन कप एक, टोकदार चिमटा आणि वाकड्या टोकाचा चिमटा एकेक, जुना मऊ टूथब्रश, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल २५० मिली, कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी पिवळसर टेप), बॅटरीसाठी दुहेरी टेप, टी-७००० गोंदाची लहान ट्यूब, केसांचा ड्रायर आणि मल्टिमीटर. मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल चालेल, फक्त त्यात डायोड मोड आणि बीपचा आवाज हवा. चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचा यूएसबी मीटर मात्र नक्की घ्या. चार्जिंगच्या तक्रारींत तो जेवढा उपयोगी पडतो तेवढं दुसरं काहीच पडत नाही. सॅनिटायझरचं अल्कोहोल चालणार नाही. त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं, ते बोर्डवर राहतं आणि गंज धरतो.

इंदूरला हिवाळ्यात हवा कोरडी पडते. लोकरी स्वेटर घालून, गादीवर किंवा ब्लँकेटवर फोन उघडणं म्हणजे स्थिर विजेला बोलावणं. सुती कपडे, लाकडी टेबल, खाली सिलिकॉन मॅट. मनगटाला बांधायचा पट्टा घेतलात तर त्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर आहे ना ते मल्टिमीटरने बघून घ्या. जुन्या घरांत सॉकेटचं अर्थिंग बऱ्याचदा नावापुरतंच असतं, त्यामुळे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतल्याशिवाय पट्ट्याची वायर सॉकेटच्या अर्थला लावू नका. तोपर्यंत बोर्डला हात लावण्याआधी नळासारख्या जमिनीशी जोडलेल्या धातूच्या वस्तूला हात लावून घ्या, आणि बोर्ड कडांनीच धरा.

चार्जिंग होत नाही: सगळ्यात जास्त येणारी तक्रार

इथे न उघडताच निम्मं काम होतं. टाइप-सी केबल आत घाला आणि बाजूने बघा. प्लग पूर्ण बसत नसेल, मिलिमीटरभर फट राहत असेल किंवा केबल धक्क्याने निसटत असेल तर आत खिशातला कापूस आणि धूळ दाबून बसली आहे. फोन बंद करा. लाकडी टूथपिक ब्लेडने तासून चपटी करा आणि पोर्टच्या मधल्या जिभेला न दुखवता भिंतीच्या कडेकडेने कचरा ओढून काढा. टाचणी किंवा सुई नको. जिभेवर दोन्ही बाजूंना बारा-बारा संपर्क असतात, त्यातला एक वाकला की पोर्टच बदलावा लागतो. शेवटी ब्रशला अल्कोहोलचे दोन थेंब लावून फिरवा आणि दहा मिनिटं वाळू द्या. पोर्टमध्ये ओलावा असल्याची सूचना जात नसेल तरीही हाच उपाय. पावसाळ्यात ही तक्रार वाढते, आणि बहुतेक वेळा आत पाणी नसतं, संपर्कांवर गंजाचा पातळ थर असतो.

तरीही चार्ज होत नसेल तर यूएसबी मीटर लावा, चालू असल्याची खात्री असलेली केबल आणि चार्जर वापरा. साध्या ५ व्होल्टच्या चार्जरवर अर्धवट उतरलेला फोन साधारण १ ते २ अँपिअर घेतो. फास्ट चार्जिंग लागलं की बऱ्याच फोनमध्ये व्होल्टेज ९ किंवा त्याच्या वर जातं. आकडा ०.०० असेल तर वीज आत पोचतच नाही: पोर्ट, चार्जिंगचा बोर्ड, किंवा तिथून मदरबोर्डपर्यंत जाणारा मेन पट्टा. ०.१ ते ०.२ वर अडकला असेल तर घाणेरडा संपर्क, मेलेली बॅटरी किंवा चार्जिंग आयसी यांपैकी काहीतरी. फोन बंद, आणि तरी भरपूर करंट ओढून बोर्डचा एकच कोपरा तापत असेल तर शॉर्ट आहे. केबल लगेच काढा.

आता पाठ उघडा. बहुतेक फोनमध्ये पोर्ट खालच्या छोट्या वेगळ्या बोर्डवर असतो. इंदूरच्या जेल रोडच्या मोबाईल बाजारात त्याला सीसी बोर्ड म्हणतात. पाच-सहा स्क्रू, मेन पट्ट्याचा एक कनेक्टर, अँटेनाची एखादी बारीक गोल वायर, बस. सोल्डरिंग नाही, म्हणून शिकणाऱ्याला पहिली खरी दुरुस्ती म्हणून हीच बरी. बोर्ड घेताना दोन गोष्टी बघा. पहिली, आयसीवाला बोर्ड आहे का. बिनाआयसीचा स्वस्त बोर्ड लावला की फोन चार्ज होतो, पण फास्ट चार्जिंग जातं, आणि ग्राहक म्हणजे घरातलाच कोणीतरी दुसऱ्या दिवशी कुरकुरतो. दुसरी, मूळ बोर्डशी शेजारी ठेवून तुलना करा: कनेक्टरच्या पिना तेवढ्याच आहेत का, माइकचं छिद्र त्याच जागी आहे का, अँटेनाच्या सोनेरी पट्ट्या आहेत का. मुख्य माइक आणि बऱ्याच फोनमध्ये खालचा अँटेना याच बोर्डवरून चालतो. म्हणून बदलल्यावर नुसतं चार्जिंग बघून थांबू नका. कॉल लावा, समोरच्याला आवाज जातो का विचारा, नेटवर्कचे दांडे आधीइतकेच आहेत का बघा. दांडे कमी झाले असतील तर निम्म्या वेळा अँटेनाची ती बारीक वायर परत दाबायची राहिलेली असते.

बॅटरी बदलणं, सावकाश

बॅटरी हा या कामातला सगळ्यात मोठा धोका आहे. टोचली, दुमडली किंवा धातूच्या पट्टीने उचकटली की आतले थर एकमेकांना भिडतात आणि सेकंदात धूर-आग होते. शेजारी कोरड्या वाळूचं घमेलं ठेवा, खिडकी उघडी ठेवा, लहान मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा.

आधी खात्री करा की दोष बॅटरीचाच आहे. टक्के ३० वरून एकदम ५ वर येणं, थंडीत किंवा कॅमेरा उघडल्यावर फोन बंद होणं, पाठ किंवा डिस्प्ले कडेने वर उचलला जाणं, ही बॅटरीची लक्षणं. फक्त लवकर उतरते एवढीच तक्रार असेल तर आधी सेटिंगमध्ये कुठलं अ‍ॅप खातंय ते बघा. अ‍ॅपचा दोष बॅटरीच्या माथी मारून चारशे रुपये घालवण्यात अर्थ नाही.

१. फोटो आणि संपर्कांचा बॅकअप घ्या. डिस्प्ले चालत असेल पण टच मेला असेल तर ओटीजी अडॅप्टरने माउस जोडून घेता येतो. मग बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली उतरू द्या आणि फोन बंद करा. भरलेल्या बॅटरीत ऊर्जा जास्त, म्हणून चूक झाली तर आगही मोठी.

२. सिम ट्रे सगळ्यात आधी बाहेर काढा. तो आत असताना पाठ ओढली तर ट्रे तरी तुटतो किंवा आतला सिमचा कनेक्टर तरी. हा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि सगळे विसरतात.

३. प्लॅस्टिकची पाठ असेल तर चकती फ्रेम आणि पॅनलच्या फटीत घालून खालच्या कोपऱ्यापासून क्लिप एकेक सोडवत जा. गोंदाची पाठ असेल तर ड्रायर आठ-दहा सेंटीमीटरवरून फिरता ठेवत दोन-तीन मिनिटं कड तापवा. पाठ ७०-८० अंशांच्या आसपास गेली की गोंद मऊ होतो. हात लावला तर चटका बसेल एवढी उष्णता. एकाच जागी ड्रायर धरू नका, पलीकडे डिस्प्ले आहे आणि ओएलईडी पडद्याला उष्णता सोसत नाही. सक्शन कपने किंचित ओढा, फट दिसली की चकती घाला, आत तीन-चार मिलिमीटरच. जास्त आत घातली तर पट्टा कापला जातो. पाठीवर फिंगरप्रिंट असलेल्या फोनमध्ये तर पाठीला पट्टाच जोडलेला असतो, म्हणून झटक्याने उचलू नका. पुस्तकासारखी एका बाजूला वळवून आत डोकवा.

४. मदरबोर्डवरचं प्लॅस्टिक किंवा पत्र्याचं झाकण काढा. दहा ते वीस स्क्रू निघतील, एखादा वॉरंटीच्या स्टिकरखाली लपलेला असतो. कागदावर फोनचं चित्र काढा, त्यावर दुहेरी टेप चिकटवा आणि प्रत्येक स्क्रू चित्रातल्या त्याच जागी ठेवा. सगळे सारखे दिसतात, पण लांबीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असतो. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर तो खालच्या बोर्डमध्ये घुसून तारा तोडतो. आयफोनमध्ये हा घोळ विशेष महाग पडतो.

५. बॅटरीचा कनेक्टर प्लॅस्टिकच्या स्पजरने सरळ वर उचला. हा पहिला निघतो आणि शेवटी बसतो. बॅटरी जोडलेली असताना डिस्प्लेचा कनेक्टर काढला-घातला की बॅकलाइटची (पडद्यामागच्या दिव्याची) लाईन उडू शकते, आणि मग फोन चालू असूनही पडदा काळा दिसतो.

६. बॅटरीखाली ओढायच्या पांढऱ्या पट्ट्या असतील तर त्या अगदी चपट्या कोनात, हळूहळू ओढा. तुटल्या किंवा नसल्याच तर बॅटरीच्या एका कडेला अल्कोहोलचे तीन-चार थेंब सोडा, फोन त्याच बाजूला किंचित कलता ठेवा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि प्लॅस्टिकच्या रुंद कार्डाने उचला. जोर लागला तर आणखी दोन थेंब, आणखी दोन मिनिटं. अल्कोहोल ओतायचं नाही. ते एलसीडीच्या थरांत शिरलं की पडद्यावर कायमचे ढग दिसतात.

७. नवी बॅटरी लावण्याआधी मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून कनेक्टरच्या दोन टोकांच्या पिनांवर मोजा. चांगली नवी बॅटरी साधारण ३.७ ते ३.९ दाखवते. ३.३ च्या खाली असेल तर ती दुकानात फार दिवस पडून आहे, परत करा. शून्य दाखवत असेल तर तिच्या डोक्यावरच्या संरक्षक सर्किटने ती बंद केली आहे. तीही परत.

८. गोंद न लावता बॅटरी नुसती जोडून फोन चालू करा, चार्जिंग लावून पाच मिनिटं बघा. सगळं ठीक असेल तर फोन बंद करा, कनेक्टर काढा, जागेवर दुहेरी टेपच्या दोन पट्ट्या चिकटवा, बॅटरी बसवा आणि मग कनेक्टर दाबा. दाबताना बोट बरोबर वरून. बारीक टक् असा आवाज किंवा जाणीव होते. तिरका दाबला तर पिना वाकतात.

सुरुवातीला टक्के उड्या मारतील. एकदा १०० पर्यंत भरा, मग १०-१५ पर्यंत उतरू द्या, फोन पुन्हा हिशोब बसवतो.

काढलेली बॅटरी पुरीसारखी फुगलेली असेल तर तिला दाबून हवा काढण्याचा प्रयत्न चुकूनही करू नका. आतला वायू जळणारा असतो. कनेक्टरवर टेप लावा, पत्र्याच्या डब्यात वाळू घालून त्यात ठेवा आणि डबा घराबाहेर, उन्हात नाही, सावलीत.

डिस्प्ले

शिकणाऱ्याने फोल्डर, म्हणजे काच आणि टचसकट अख्खा डिस्प्ले, फ्रेमसकट घ्यावा. दोन-चारशे रुपये जास्त जातात, पण जुनी फुटकी काच फ्रेमवरून खरवडणं, तिच्या किरचा बोटांत जाणं आणि वाकलेल्या फ्रेमवर नवा डिस्प्ले बसवून तो पहिल्याच दाबाला तडकवणं, हे सगळं वाचतं. त्या बदल्यात मदरबोर्ड, कॅमेरे, स्पीकर, व्हायब्रेटर असं सगळं जुन्या फ्रेममधून नव्यात हलवावं लागतं. सुटं करून जोडायचा सराव झाला असेल तर हे तासाभराचं काम आहे.

दर्जाबद्दल स्पष्ट विचारा. ओएलईडी फोनला स्वस्तातली टीएफटी (बॅकलाइटवर चालणारी एलसीडी) कॉपी बसते, दिसतेही बरी, पण ती जाड असते, काळा रंग राखाडी दिसतो, बॅटरी जास्त खाते आणि पडद्याखालचं फिंगरप्रिंट चालत नाही. त्या सेन्सरला पडद्यातून आरपार बघावं लागतं आणि टीएफटीच्या मागे बॅकलाइटचा थर आडवा येतो. फिंगरप्रिंट हवं असेल तर ओएलईडीच घ्या, आणि काही मॉडेलांत बदलल्यावर सेन्सर पुन्हा कॅलिब्रेट करावा लागतो हेही लक्षात ठेवा.

संरक्षक फिल्म न काढता, न चिकटवता नवा डिस्प्ले नुसता जोडा. पूर्ण पांढरा, पूर्ण काळा, लाल-हिरवा-निळा पडदा बघा. सॅमसंगमध्ये *#०*# डायल केल्यावर आणि शाओमीमध्ये *#*#६४८४#*#* वर चाचण्यांचा मेनू उघडतो. टचसाठी डेव्हलपर ऑप्शनमधलं पॉइंटर लोकेशन चालू करून चारही कडांना बोटाने रेघा ओढा. रेघ कुठे तुटली तर डिस्प्ले तसाच काढून दुकानात परत. फिल्म निघाली किंवा गोंद लागला की कुठलाच दुकानदार परत घेत नाही.

फ्रेमशिवायचा घेतलाच असेल तर टी-७००० ची रेघ फक्त कडेला, मिलिमीटरभर रुंद. दोन-तीन मिनिटं थांबून चिकट झाल्यावर बसवा, दर तीन सेंटीमीटरवर एक रबरबँड, चार तास हलवू नका. पूर्ण पकड यायला दिवस-दोन दिवस लागतात. वरच्या स्पीकरची जाळी आणि सेन्सरची खिडकी यांच्याजवळ गोंद नको. कानाला लावल्यावर पडदा बंदच होत नाही किंवा कॉलमध्ये बंद झालेला परत उघडत नाही, यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ त्या खिडकीवरच्या गोंदात असतं.

रंगपंचमीनंतरचे फोन

इंदूरच्या राजवाड्याची गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, बघून आलेले फोन म्हणजे पाणी, रंग आणि गुलाल एकत्र. जाळीत अडकलेला कोरडा गुलाल फुंकर मारून काढू नका, तो आणखी आत जातो. फोनचं तोंड खाली करून कोरड्या ब्रशने झटका.

पाणी आत गेलं असेल तर तांदळाच्या डब्यात ठेवण्याने काही साधत नाही. नुकसान पाण्याने होत नाही, पाण्यातल्या क्षारांतून वीज वाहते त्याने होतं, आणि तांदूळ क्षार ओढून घेत नाही. फोन लगेच बंद करा, ट्रे काढा, चार्जिंगला अजिबात लावू नका, आणि जितक्या लवकर उघडून बॅटरीचा कनेक्टर काढता येईल तितकं बरं. सिम ट्रेच्या खाचेत किंवा आत बोर्डवर पांढरा स्टिकर असतो. तो लाल झाला असेल तर पाणी आत पोचलं आहे. बोर्ड बाहेर काढा, ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून सगळे कनेक्टर घासा, हिरवे-पांढरे डाग जाईपर्यंत. बॅटरी, डिस्प्ले आणि कॅमेरे अल्कोहोलमध्ये बुडवायचे नाहीत. पंख्याखाली चार-पाच तास वाळवा, मग जोडा.

आणि एक: पाणीरोधक म्हणून विकलेला फोन एकदा उघडला की तो गुण गेला समजा. कडेचा पाणी अडवणारा गॅस्केट घरी तसाच बसत नाही.

बोर्डकडे पहिली नजर

बॅटरी ठीक, चार्जिंग ठीक, तरी फोन मेलेला. आता मल्टिमीटर डायोड मोडवर. बॅटरी काढलेली. लाल काडी बोर्डवरच्या पत्र्याच्या शील्डवर, काळी काडी बॅटरी कनेक्टरच्या पॉझिटिव्ह पिनवर. साधारण ३०० ते ६०० च्या मधला आकडा दिसला तर मुख्य लाईन बरी आहे. बीप वाजून शून्याच्या आसपास आला तर शॉर्ट: बहुतेक वेळा एखादा कपॅसिटर किंवा पॉवर आयसी. काहीच आकडा न येता ओएल दिसलं तर आधी काडी नीट टेकली आहे का बघा. हीच पद्धत डिस्प्लेच्या आणि चार्जिंगच्या कनेक्टरवर एकेक पिन घेऊन वापरतात आणि आकडे चांगल्या बोर्डशी ताडून बघतात. एकाच मॉडेलचे दोन मेलेले फोन जमवण्याचा फायदा इथे कळतो.

सोल्डरिंग शिकायचं असेल तर मेलेल्या बोर्डवरच. शिसं असलेली सोल्डर १८३ अंशांना वितळते, कारखान्यातली बिनाशिशाची २१७ च्या आसपास, म्हणून कारखान्याच्या जोडावर आधी थोडी शिशाची सोल्डर मिसळली तर काम सोपं होतं. सोल्डरची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) ३५० अंशांवर, फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारी पेस्ट) भरपूर, धूर नाकाकडे येणार नाही अशी बसण्याची जागा, आणि काम झालं की साबणाने हात. हॉट एअर मशीन घ्यायच्या आधी महिनाभर इस्त्रीवर शील्डची टोकं, बॅटरी कनेक्टरचे पाय, चार्जिंग पिनचे पाय यांवर हात बसवा.

सामान कुठून

जेल रोडला डॉलर मार्केटच्या आसपास मोबाईलचं सुटं सामान मिळतं. मल्टिमीटर, सोल्डरची इस्त्री, वायर आणि इलेक्ट्रॉनिक्सचं किरकोळ सामान महाराणी रोडला. गोंद, टेप, हत्यारं सियागंजलाही बघता येतील. फोनचं नाव सांगून सामान मागू नका, सेटिंगमधला मॉडेल नंबर लिहून न्या आणि काढलेला जुना पार्ट सोबत ठेवा. रेडमी नोट १० आणि १० एस नावाने भाऊ वाटतात, पण सगळं सामान एकच असेल असं धरू नका. बॅटरीवर कोड छापलेला असतो, तोच मागा: रेडमी नोट ७ ची बीएन४ए, सॅमसंगच्या ईबीने सुरू होणाऱ्या.

दुकानात मराठी चालेलच असं नाही. सरळ विचारा: "भिया, नोट सात की बैटरी चाहिए, बीएन फोर ए. चेक करके दूँगा, नहीं चली तो वापस लोगे ना?" आणि तिथेच मल्टिमीटर लावा. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही. म्हणाला तर शेजारच्याकडे जा.

आयफोन शिकण्यासाठी घेऊ नका. आतले भाग मदरबोर्डशी ओळखीने बांधलेले असतात. दुसऱ्या आयफोनमधून काढलेला अस्सल डिस्प्ले लावला तरी ट्रू टोन जाऊ शकतं, अनोळखी पार्टची सूचना येऊ शकते, आणि ५एस ते ८ पर्यंतच्या फोनमध्ये होम बटण बदललं की टच आयडी संपला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, कंपन्यांचे मॅन्युअल आणि पार्टची माहिती तिथे एकत्र बघायला मिळते. सामान घेण्याआधी तिथे एकदा डोकवा.

शेजारपाजारचे फोन येऊ लागले की लॉक तोडून द्या म्हणणारेही येतात. फोन ज्याचा त्याच्या हाताने लॉक उघडत नसेल तर परत पाठवा. आयएमईआय बदलून देण्याच्या कामाला तर हातच लावू नका: दूरसंचार कायदा २०२३ नुसार त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

जमलेल्या जुन्या बॅटऱ्या आणि फुटके डिस्प्ले ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचे नाहीत. नगर निगमच्या गाडीत ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो. बॅटरीच्या कनेक्टरवर टेप लावा, पारदर्शक पिशवीत घाला आणि कप्प्यात फेकण्याऐवजी हातात द्या: "बैटरी है भिया, अलग रखना, दबाना मत."